दुभत्या गाईच्या खाद्यातून मिथेन कमी करणे : कोठीपोटातला हायड्रोजन जातो कुठे?

रवंथ (धागाकर्ता)

संध्याकाळची धार काढून झाल्यावर गाय बसून रवंथ करू लागते, तेव्हा तिच्या डाव्या कुशीकडे थोडा वेळ पाहत राहावे. साधारण मिनिटाला एकदा त्या कुशीत लाट उठते, मान किंचित पुढे येते आणि फारसा आवाज न होता तोंडावाटे वायू बाहेर पडतो. मोठ्या दुभत्या गाईच्या बाबतीत या वायूतला मिथेन दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे पाचशे-सहाशे लिटर भरतो. गाईच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मिथेन असा तोंडानाकातून निघतो, मागच्या बाजूने नव्हे. हा गैरसमज सुरुवातीलाच दूर झालेला बरा, कारण उपाय शोधायचा तो कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात.

कोठीपोटात हवा नसते. तेथे जिवाणू, बुरशी आणि आदिजीव (प्रोटोझोआ) वैरणीचे तुकडे कुजवून त्यांची आम्ले बनवतात आणि त्या आम्लांवर गाय जगते व दूध देते. या किण्वनात हायड्रोजन सुटतो. तो तसाच साचू दिला तर किण्वन मंदावते, म्हणून कोणीतरी तो उचलून न्यावा लागतो. हे काम मिथेनकारक सूक्ष्मजीव करतात. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे चार रेणू घेऊन ते मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू तयार करतात. दिसायला ते जिवाणूंसारखे असले तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली जीवसृष्टीची ही वेगळी शाखा, म्हणजे आर्किया, ओळखली ती याच मिथेनकारकांच्या अभ्यासातून. त्याच्या दोनशे वर्षे आधी, १७७६ साली, अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून वर येणारे बुडबुडे गोळा करून हा ज्वलनशील वायू अभ्यासला होता. दलदलीच्या तळाशी आणि गाईच्या पोटात मुळात एकाच जातीचा व्यवहार चालतो, हे मला आजही विलक्षण वाटते.

माझे म्हणणे एवढेच की खाद्यातला प्रत्येक उपाय हा अखेर हायड्रोजनचा प्रश्न आहे. एक तर तो कमी सुटला पाहिजे, नाही तर त्याला दुसरी वाट मिळाली पाहिजे, आणि मिथेनची वाट थेट बंद केली तर अडलेल्या हायड्रोजनचे काय होते ते पाहिले पाहिजे. गाईने खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेनवाटे वाया जाते, दुभत्या गाईत साधारण ६ टक्के. त्यामुळे हा विषय हवामानाचा आहे तितकाच गोठ्याचाही आहे. ज्यांनी स्वतः काही करून पाहिले आहे त्यांनी, फसले असेल तरी, अवश्य लिहावे.

गव्हाण

फसलेलेच सांगतो. खाद्यात तेल घातले की गॅस कमी होतो, असे एका खाद्यविक्रेत्याने सांगितले आणि मी दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक दुभत्या गाईच्या आंबोणात (भरडा-पेंडीच्या खुराकात) अर्धा लिटर तेल ओतायला लागलो. पहिले दोन दिवस गाई आवडीने खात होत्या. चौथ्या दिवशी सकाळी गव्हाणीत वैरण उरलेली दिसली. शेण पातळ होऊन त्यावर तेलकट चकाकी आली होती आणि आठवड्याच्या आत दुधाचे फॅट इतके खाली गेले की संकलन केंद्रावर दूध नाकारले जाते की काय अशी वेळ आली. तेल बंद केल्यावर गाई पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले. माझ्या आंबोणात सरकी आधीपासूनच होती, ही गोष्ट त्या वेळी मला महत्त्वाची वाटली नाही. तेलाचे नेमके प्रमाण किती असावे, आणि मुळात तेलाने मिथेन कमी का होतो, हे कोणी सांगू शकेल का?

आंबोण

गव्हाण, आपण सरकीचा उल्लेख केलात तेथेच उत्तर आहे. (मी पशुआहाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.)

स्निग्धांशाने मिथेन कमी होण्यामागे तीन-चार कारणे एकत्र काम करतात. तेल कोठीपोटात कुजत नाही, म्हणून जितकी ऊर्जा तेलातून मिळते तितक्या ऊर्जेपुरता हायड्रोजन सुटतच नाही. शिवाय असंतृप्त मेदाम्ले तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना आणि आदिजीवांना मानवत नाहीत. हे आदिजीव भरपूर हायड्रोजन सोडतात आणि त्यांच्या अंगाला चिकटून मिथेनकारक राहतात, त्यामुळे आदिजीव घटले की मिथेनही घटतो. असंतृप्त तेल संतृप्त होताना हायड्रोजन शोषून घेते, हे कारण अनेक ठिकाणी पहिल्या क्रमांकावर सांगितले जाते, परंतु त्या वाटेने खर्च होणारा हायड्रोजन अगदीच थोडा असतो.

ढोबळ हिशेब असा आहे की एकूण शुष्क पदार्थात (खाद्यातले पाणी वगळून उरणाऱ्या भागात) स्निग्धांश एका टक्क्याने वाढवला तर मिथेन साधारण साडेतीन ते पाच टक्के कमी होतो. मात्र सर्व मिळून स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या ६ ते ७ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. आपल्या गाई दिवसाला १८ किलो शुष्क पदार्थ खात असतील असे धरले, तर अर्ध्या लिटर तेलाने एकट्याने अडीच टक्के भर घातली. वैरण व आंबोणातला मूळचा स्निग्धांश आणि वर सरकी, ही बेरीज मर्यादा ओलांडून गेली. तंतू पचवणारे जिवाणू दबले, वैरण पोटात अडून राहिली, म्हणून गाईने खाणे सोडले. तंतूंपासून बनणाऱ्या आम्लातूनच दुधातल्या फॅटचा मोठा वाटा येतो, आणि असंतृप्त तेल अर्धवट संतृप्त होताना बनणारी काही मेदाम्ले कासेतली फॅट बनण्याची क्रियाच दाबतात, म्हणून फॅट पडले.

तेल मोकळे ओतण्यापेक्षा तेलबिया भरडून देणे पोटाला सोसते, कारण त्यातले तेल हळूहळू सुटते. जवसावर याबाबत बरेच काम झालेले आहे. आणि जाता जाता एक सूचना : बाजारात मिळणारे बायपास फॅट कोठीपोटात निष्क्रिय राहावे असेच बनवलेले असते. ताज्या व्यालेल्या गाईची ऊर्जेची तूट भरून काढायला ते उपयोगी असले, तरी मिथेन कमी करण्यासाठी त्याचा उपयोग नाही म्हटले तरी चालेल.

ढगांचा हिशेब

मग सरळ धान्यच वाढवावे, असा विचार मनात येतो. पिष्टमय खाद्याने मिथेन कमी होतो असे मी वाचले आहे.

आंबोण

होतो, आणि त्याचे कारण रवंथ यांनी मांडलेल्या हायड्रोजनच्या सूत्रात नेमके बसते. तंतूंच्या किण्वनातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल बनते आणि ते बनताना हायड्रोजन सुटतो. पिष्टाच्या किण्वनातून प्रोपिऑनिक आम्ल अधिक बनते आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. म्हणून मक्याचा भरडा वाढवला की खाल्लेल्या प्रत्येक किलोमागे मिथेन घटतो.

परंतु पिष्ट झपाट्याने कुजते, आम्ले साचतात आणि कोठीपोटाचा सामू (पीएच) खाली येतो. तो दिवसातले बरेच तास ५.८ च्या खाली राहू लागला की गाय उघडपणे आजारी न दिसताही आतून बिघडत जाते. रवंथ कमी होतो, लाळ कमी गळते, त्यामुळे आम्लता आणखी वाढते, फॅट उतरते आणि काही महिन्यांनी गाय लंगडू लागते. मिथेन कमी करण्याच्या नादात असे होऊ देणे हा त्या जनावरावर अन्याय आहे. गाईला चार कप्प्यांचे पोट आहे ते माणसाला न पचणारा चारा पचवण्यासाठी. तिला धान्यावर पोसायचे तर ते धान्य पिकवताना लागलेले खत, इंधन आणि जमीन यांचाही हिशेब मांडावा लागेल. तो हिशेब पूर्ण केला की पुष्कळदा मिथेनमधली बचत बरीचशी खर्ची पडलेली दिसते.

मुरघास

या चर्चेत चाऱ्याच्या प्रतीविषयी अजून कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते सुरुवात तेथून व्हायला हवी.

गवत फुलोऱ्यावर येण्याआधी कापले तर त्यातला काष्ठांश, म्हणजे लाकडासारखा न पचणारा भाग, कमी असतो. तेच तीन आठवडे उशिरा कापले तर गंजी मोठी दिसते, वजन भरते, पण गाईच्या पोटात ते रेंगाळते. जे रेंगाळते त्यावर मिथेनकारकांना निवांत काम करायला मिळते आणि दूध मात्र वाढत नाही. मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करताना तर कापणीचा दिवस हाच सगळा खेळ आहे. दाणा चिकात असताना घाई केली तर पाणी अधिक आणि पिष्ट कमी मिळते. दाणा पूर्ण वाळू दिला तर ताटे लाकडासारखी होतात आणि दाणे न फुटता शेणातून बाहेर येतात. दाणा नखाने दाबला असता अर्धा पिठूळ आणि अर्धा चिकाचा लागेल, अशा वेळी मी कापणी करतो.

शेण तपासण्याची एक पद्धत मी अनेक वर्षे पाळत आलो आहे. ओंजळभर ताजे शेण पीठ चाळायच्या चाळणीत घेऊन नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे. चाळणीत उरते ते गाईने खाऊनही वापरले नाही ते. त्यात बोटाच्या पेराएवढे काड्यांचे तुकडे दिसले तर चारा जून आहे किंवा रवंथ पुरेसा होत नाही. अख्खे दाणे दिसले तर भरडा जाडा आहे. आणि चिकट पडदे दिसले तर आतड्याच्या अस्तराला त्रास होतो आहे, म्हणजे वर सांगितलेली आम्लता. एका पावसाळी हंगामात कापणी लांबली होती, तेव्हा चाळणीत उरलेला चोथा नेहमीच्या दुपटीहून अधिक होता, आणि त्या वर्षीच्या मुरघासावर गाईंनी खाल्ले पूर्ववत, पण दूध मात्र दिले नाही.

ढगांचा हिशेब

मुरघास यांचा मुद्दा पटतो, परंतु तो मान्य करताना एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. चांगला चारा मिळाला की गाय कमी नव्हे, अधिक खाते. मिथेन हा मुख्यतः खाल्लेल्या शुष्क पदार्थाच्या प्रमाणात बनतो, एका किलोमागे साधारण २० ग्रॅम. समजा एक गाय १२ किलो शुष्क पदार्थ खाऊन १० लिटर दूध देते आणि दुसरी २२ किलो खाऊन ३० लिटर देते. पहिलीचा मिथेन २४० ग्रॅम झाला, दुसरीचा ४४०. लिटरमागे पाहिले तर पहिलीचा २४ ग्रॅम आणि दुसरीचा १५ ग्रॅमहून कमी. गोठा सुधारला असे लिटरचा आकडा सांगेल. वातावरणात मात्र त्या एका गाईकडून दिवसाला २०० ग्रॅम अधिक गेले.

वातावरणाला लिटर समजत नाहीत, त्याला एकूण बेरीज समजते. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या मापाने सुमारे ८० पट तापवणारा आहे. अल्पायुषी असल्यामुळेच तो आज कमी केला तर परिणाम आपल्या डोळ्यांदेखत दिसू शकतो. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट असे उद्दिष्ट आहे, आणि तेही एकूण उत्सर्जनाचे, लिटरमागचे नव्हे.

रवंथ (धागाकर्ता)

ढगांचा हिशेब, आपण मांडलेले गणित बरोबर आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. माझी भूमिका अशी आहे की दोन्ही आकडे एकत्र ठेवावेत. जेथे गाई अर्धपोटी आणि निकृष्ट चाऱ्यावर आहेत, तेथे चारा सुधारल्यावर तेवढेच दूध कमी गाईंकडून मिळू शकते. ३० लिटरसाठी पहिल्या प्रकारच्या तीन गाई लागतात आणि त्यांचा मिथेन ७२० ग्रॅम होतो, दुसऱ्या प्रकारची एकच गाय पुरते आणि तिचा ४४० ग्रॅम. ही घट खरी ठरते ती जनावरांची संख्या खरोखर कमी झाली तरच. दूध वाढले आणि गाईही तेवढ्याच राहिल्या किंवा वाढल्या, तर आपला आक्षेप तंतोतंत लागू पडतो. म्हणून चारा सुधारणे ही पहिली पायरी मानावी, पण तिलाच संपूर्ण उपाय म्हणू नये. जेथे आहार आधीच उत्तम आहे तेथे या वाटेने आणखी फारसे काही मिळणार नाही, आणि म्हणूनच मिथेनरोधक द्रव्यांकडे वळावे लागते.

दुधाचा पेला

मी गोठा चालवत नाही, केवळ दूध घेते आणि घरातल्या लहान मुलांना देते. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये लोकांनी अशा द्रव्याच्या भीतीने दूध मोरीत ओतून दिल्याच्या चित्रफिती मी पाहिल्या. समुद्री शेवाळाविषयी मात्र सगळीकडे कौतुकच ऐकते, कारण ते नैसर्गिक आहे म्हणतात. गाईच्या पोटात गेलेले दुधात येते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

आंबोण

आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही द्रव्यांसाठी वेगवेगळे आहे.

ज्याविषयी ब्रिटनमध्ये गदारोळ झाला ते ३-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल, बाजारातले नाव बोव्हेअर. मिथेन बनवण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर मिथेनकारकांजवळ एक विकर (एन्झाइम) असते आणि त्याच्या केंद्रस्थानी निकेलचा अणू असतो. हे द्रव्य त्या विकराच्या खाचेत बसते आणि निकेलची अवस्था बदलून त्याचे काम थांबवते. इतर जिवाणूंकडे ते विकर नसल्यामुळे पचन चालू राहते. मात्रा एक किलो शुष्क पदार्थामागे ६० ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलो खाणाऱ्या गाईला दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पेन्सिल्व्हानिया स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात ४८ होल्स्टीन गाईंना ते १२ आठवडे दिले, तेव्हा मिथेन ३० टक्के घटला आणि दूध कमी झाले नाही. पुढच्या अनेक प्रयोगांतही दुभत्या गाईंतली सरासरी घट साधारण तेवढीच आली आहे. पोटात त्याचे विघटन नायट्रेट, नायट्राइट आणि प्रोपेनडायॉलमध्ये होते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ साली ठरलेल्या मात्रेत ते गाईला व दूध पिणाऱ्याला सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला, युरोपीय संघाने २०२२ मध्ये परवानगी दिली आणि अमेरिकेत २०२४ मध्ये वापराची वाट मोकळी झाली. धोका आहे तो मूळ भुकटी हाताळणाऱ्याला : ती डोळ्यांना झोंबते आणि श्वासावाटे जाता कामा नये. हातमोजे आणि मुखपट्टी न वापरता ती मिसळायला कोणालाही सांगू नये. त्या संदर्भातल्या सूचना वाचूनच दुधाविषयी भीती पसरली. काही प्रयोगांत, विशेषतः मात्रा वाढवल्यावर, गाईंचे खाणे थोडे घटल्याचीही नोंद आहे, म्हणून सुरुवातीचे आठवडे गव्हाणीकडे लक्ष ठेवावे.

आता शेवाळ. ॲस्परागॉप्सिस नावाच्या लाल समुद्री शेवाळात ब्रोमोफॉर्म असते आणि तेच मिथेन बनवण्याची साखळी तोडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात मांसासाठीच्या बैलांमध्ये अगदी थोड्या मात्रेत ९८ टक्क्यांपर्यंत घट दिसली, आणि ती बातमी जगभर गेली. दुभत्या गाईंची कथा इतकी सरळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील २०१९ च्या प्रयोगात शेवाळ आहाराच्या अर्धा टक्का दिले तेव्हा मिथेन २६ टक्के आणि एक टक्का दिले तेव्हा ६७ टक्के घटला. परंतु एक टक्क्याच्या गटात गाईंचे खाणे ३८ टक्के आणि दूध सुमारे साडेअकरा टक्के कमी झाले. खाणेच एवढे कमी झाल्यावर घटलेल्या मिथेनपैकी काही वाटा निव्वळ उपासाचा असतो, हे लक्षात घ्यावे. नेदरलँड्समधील अभ्यासात ब्रोमोफॉर्म दुधात व मूत्रात सापडले आणि तपासलेल्या गाईंच्या कोठीपोटाच्या अस्तरात बिघाड दिसला. शिवाय शेवाळातील आयोडीन दुधात उतरते, आणि लहान मुलांच्या दृष्टीने त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ब्रोमोफॉर्म उडून जाणारे असल्याने साठवलेल्या शेवाळाची ताकदही उतरत जाते.

म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे काहीच ठरवत नाही. मात्रा काय, दुधात काय उतरते आणि गाय खाते का, एवढेच विचारावे.

दुधाचा पेला

एवढ्या नेमक्या उत्तराबद्दल मनापासून आभार. दूध ओतून देणाऱ्यांना हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

गव्हाण

माझ्या गाई दिवसातले सहा-सात तास मोकळ्या चरतात आणि आंबोण फक्त धारेच्या वेळी, दोनदा मिळते. अशा वेळी ३-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल कसे द्यावे?

आंबोण

ही त्याची मोठी अडचण आहे. ते कोठीपोटात लवकर विरघळते आणि काही तासांत संपते. गाय दिवसभर थोडे थोडे खाते आणि प्रत्येक घासाबरोबर थोडे द्रव्य जाते, तेव्हाच परिणाम टिकतो. म्हणूनच ते एकत्र कालवलेल्या संपूर्ण आहारात उत्तम चालते. धारेच्या वेळी दोनदा दिले तर त्यानंतरचे काही तास मिथेन घटतो आणि गाय चरत असताना पूर्ववत होतो. पोटात राहून हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांवर संशोधन चालू आहे. आणखी एक गोष्ट : आहारात तंतू जितके अधिक, तितका या द्रव्याचा परिणाम कमी होतो. म्हणजे केवळ चराईवरच्या गाईत अडचण दुहेरी आहे.

मुरघास

चराईच्या बाबतीत द्विदल चाऱ्याचा उल्लेख करावासा वाटतो. कुरणात टॅनिनयुक्त द्विदल वनस्पती मिसळल्या तर मिथेन काही प्रमाणात कमी होतो, आणि टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवत असल्याने मूत्रावाटे जाणारा नत्रही घटतो. प्रमाण वाढले की मात्र चारा तुरट लागतो, गाय तोंड फिरवते आणि पचनही खालावते. त्यामुळे अपेक्षा माफक ठेवावी.

ढगांचा हिशेब

नायट्रेटविषयी कोणी लिहिले नाही. हायड्रोजनला दुसरी वाट देण्याचे ते सर्वांत सरळ उदाहरण आहे ना?

रवंथ (धागाकर्ता)

रसायनशास्त्राच्या दृष्टीने आहे. नायट्रेटचे अमोनियात रूपांतर होताना हायड्रोजन वापरला जातो, मिथेनपेक्षा ही वाट त्याला अधिक सोयीची असते, आणि नेदरलँड्समधील दुभत्या गाईंवरच्या एका प्रयोगात मिथेन १६ टक्के घटला. पण वाटेत नायट्राइट बनते. ते रक्तात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि गाय काही तासांत दगावू शकते. हळूहळू सवय लावून, मात्रा अचूक तोलून आणि एकसारखे कालवूनच ते देता येते. ज्या गोठ्यात वजनकाटा व मिश्रणयंत्र नाही आणि तज्ज्ञाची देखरेख नाही, तेथे हा उपाय कोणी करू नये, असे मी स्पष्टपणे लिहितो. खताची गोणी फोडून प्रयोग करण्याचा विचार तर मनातही आणू नये.

गव्हाण

शेवटचा प्रश्न विचारतो. रवंथ यांनी सुरुवातीला लिहिले की ६ टक्के ऊर्जा मिथेनवाटे जाते. मग मिथेन ३० टक्के घटल्यावर दूध वाढायला हवे. ते वाढत नसेल तर गोठेवाल्याने खर्च का करावा?

आंबोण

हिशेब करून पाहू. एक किलो मिथेनमध्ये सुमारे ५५ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ४०० ग्रॅममध्ये २२. त्यातले ३० टक्के वाचले तर दिवसाला साडेसहा मेगाज्यूल, आणि एक लिटर दुधात साधारण ३ मेगाज्यूल असतात. कागदावर दोन लिटर दूध वाढायला हवे. प्रत्यक्षात ते वाढत नाही, आणि याचे उत्तर पुन्हा धाग्याच्या शीर्षकात आहे. मिथेनची वाट बंद झाल्यावर हायड्रोजनचा काही भाग प्रोपिऑनिक व इतर आम्लांत जातो, पण काही भाग तसाच ढेकरावाटे बाहेर पडतो. ३-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल दिलेल्या गाईंच्या श्वासात हायड्रोजन वाढलेला स्पष्ट मोजता येतो. ऊर्जा वाचली असे आपण म्हणतो, तिचा काही हिस्सा केवळ दुसऱ्या वायूच्या रूपात निघून गेलेला असतो. जी खरोखर वाचते त्यातली काही उष्णतेत जाते, काही अंगावर चढते. २०१५ च्या प्रयोगात गाईंचे वजन अधिक वाढले होते.

तेव्हा या द्रव्याचा खर्च दुधातून वसूल होईल असे सांगून कोणी ते विकत असेल तर विश्वास ठेवू नये. हा खर्च साऱ्या जगाच्या हवेसाठी आहे आणि तो दूध घेणाऱ्याने, प्रक्रिया करणाऱ्याने किंवा शासनाने उचलायला हवा; एकट्या गोठेवाल्यावर टाकला तर तो टिकणार नाही आणि टाकणे योग्यही नाही. चारा वेळेवर कापणे, आंबोण संतुलित ठेवणे आणि स्निग्धांश मर्यादेत वापरणे, हे मात्र गोठ्याला स्वतःच परवडते, कारण तेथे घट आणि दूध एकाच दिशेने जातात.

मुरघास

गव्हाण, आपल्याकडे मिथेन मोजायचे यंत्र नसणार, आणि त्यावाचून अडतही नाही. रोज गव्हाणीत घातलेली व उरलेली वैरण तोलून लिहून ठेवा, त्यातला शुष्क पदार्थ काढा आणि दुधाशी भागा. एका लिटरमागे किती किलो शुष्क पदार्थ लागला, हा आकडा खाली येत गेला की लिटरमागचा मिथेनही बहुधा त्याच वाटेने खाली येत असतो. भाकड गाई आणि कालवडी यांचे खाणेही त्याच वहीत लिहा, कारण दूध न देताही त्या खातात आणि ढेकर देतात.

गव्हाण

भाकड गाई आजवर कधी हिशेबात धरल्याच नव्हत्या. माझ्याकडे चार आहेत आणि त्यातल्या दोन वर्षभर गाभणच राहिलेल्या नाहीत. काटा आणला आहे. उद्या सकाळची उरलेली वैरण त्यावर घालतो आणि चाळणीतले शेण कसे दिसते तेही येथे लिहितो.